निरंक

शांभवीचा फोन रात्री जेवणानंतर येतो.
तिकडं डेन्मार्कात तेव्हा संध्याकाळ व्हायची असते.
बाबा, दोन देशांचा तक्ता करतेय,
एका बाजूला हे, एका बाजूला आपण,
लाख माणसांमागं किती चोऱ्या, किती हाणामाऱ्या,
किती दिवसांत निकाल.
तुम्ही तर आयुष्यभर आकडेच पाठवले.

आकडेच पाठवले, खरंय.
उदगीरकडच्या एका ठाण्यात
अकरा वर्षं मोहरर होतो.
महिनाअखेरीला निळा कार्बन घालून
दरोडा, जबरी चोरी, घरफोडी.
जिथं काही नाही तिथं शून्य लिहायचं नसतं,
शून्याचा कुणीही आठ करतो,
तिथं अक्षरात लिहायचं: निरंक.
माझं अक्षर चांगलं होतं. साहेब म्हणायचे,
बिरादार, तुझा निरंक बघून बरं वाटतं बघ.

ती म्हणते, सायकलचोरीत हे लोक आपल्या कितीतरी पुढं.
आपला रकाना जवळपास कोराच.
म्हणजे आपण सज्जन का, बाबा?
हसते. उत्तर तिला माहीत आहे,
माझ्या तोंडून ऐकायचंय.

चांदपाशा वेल्डर आला होता.
सायकल देगलूर रस्त्यावरच्या हॉटेलापुढून गेली.
हँडलला हिरवी रिबीन, मागच्या चाकाच्या पाच तारा कमी,
हरवलेल्या लेकराचं वर्णन सांगावं तसं सांगत होता.
मी पेनाचं टोपण काढलं नाही.
म्हणलो, दोन दिवस बघ, पोरंसोरं नेतात, आणून लावतात.
तो बी म्हणला, खरंय साहेब,
एका सायकलीपायी कशाला लिवायलाव.
तिथंच देशातली एक चोरी कमी झाली.

एक मात्र सापडली होती, दुसऱ्याच कुणाची.
मुद्देमाल म्हणून लिंबाखाली उभी केली, चिठ्ठी बांधून.
तारखा पडत गेल्या, तिच्यावर दोडक्याचा वेल चढला,
शिपायाच्या बायकोनं तीन हंगाम दोडके तोडले.
मला समन्स आला तो निवृत्तीनंतर.
मालक वारलेला, चोराला नातू झालेला.
वकिलानं विचारलं, ही सायकल ओळखता का?
म्हणलो, वेल ओळखतो.

हे शांभवी टाइप करत नाही.
कुठल्या रकान्यात घालणार.

मग ती तो रकाना काढते.
बायकांवरचे.
तिकडचा आकडा मोठा, आपला लहान,
आणि आम्ही दोघंही गप्प.
तिच्या खोलीतला हीटर इथवर ऐकू येतो.

म्हणलो, लिही.
झमकाबाई, तांड्यावरची.
दुपारी आली, दिवेलागणीपर्यंत बाकड्यावर बसली,
पदर एका कानावर दाबून. कानाची पाळी फाटलेली.
मी चहा पाजला.
नवरा आला, त्याच्यामागं चार शहाणे आले,
समजूत निघाली.
उठताना तिनं माझ्या टेबलावरची वही बघितली.
उघडीच होती. त्या पानावर जागा होती बरीच,
अर्ध्याहून जास्त.
तिला वाचता येत नव्हतं,
जागा दिसत होती.

महिनाअखेरीला मी लिहिलं,
कार्बनची खालची प्रतसुद्धा स्वच्छ उठली.

बाबा, हे तक्त्यात बसत नाही.
माहितीय.
तरी कळांचा आवाज येतोय, थांबतोय, पुन्हा येतोय.
तारीख?
तारीख आठवत नाही गं. गुरुवार होता, बाजाराचा.
वर्ष?
वर्ष सांगतो, थांब.
तू पहिलीत होतीस.
ओट्यावर बसून पाटीवर वेलांट्या गिरवायचीस,
आणि ठाण्यातनं आलो की मी
तुझा हात धरून
अक्षर कसं काढावं ते दाखवायचो.